खणाचं जाकीट, ४० नग: कापडापासून कुरिअरपर्यंत

कपड्यांच्या आमच्या छोट्या लेबलची पहिली मालिका. नग एकच: खणाचं, बिनकॉलरचं, पाऊण बाहीचं, आतून सुती अस्तर लावलेलं जाकीट. एस ८, एम १४, एल १२, एक्सएल ६. संक्रांत १४ जानेवारीला, तेव्हा काळ्या रंगाची मागणी असते, म्हणून काळे नग १२ जानेवारीपर्यंत ग्राहकाच्या हातात पोचवायचे असं ठरवलं होतं. आकडे सगळे आमच्या वहीतले आहेत. अरुंद पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाचे कपडे करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावेत म्हणून चुका गाळलेल्या नाहीत.

३ नोव्हेंबर २०२५

बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून कापड आलं. काळा ३० मीटर, लाल २२, हिरवा २०, गर्द जांभळा १८. एकूण ९० मीटर, दर ४२० रुपये. पन्हा ३१ इंच, दोन्ही अंगांना सव्वा इंचाचा काठ.

पहिली चूक इथेच झाली. रंग फोटोवर पसंत केले आणि नमुन्याचा एकही मीटर न मागवता पूर्ण ऑर्डर दिली.

तागे उघडून उजेडात धरले. नक्षी जादा ताण्याची (उभ्या धाग्यांची) असल्यामुळे उलट्या बाजूला सुटे धागे आहेत. अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा लागला की ओढले जातात. म्हणजे अस्तर हवंच. हिरव्या ताग्याच्या बाहेरच्या घडीवर उन्हाने फिकट रेघ आली होती, तेवढा भाग खडूने खुणा करून बाजूला काढला.

४ नोव्हेंबर

पावतीवर ‘सिल्क ताणा, सुती बाणा’ असं लिहून आलं होतं. प्रत्येक रंगाचे उभे धागे वेगळे काढून जाळून पाहिले. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. आमचे धागे कागदासारखे भुरकन पेटले, ना केसाचा वास ना मणी. चारही रंगांत ताणा रेयॉनचा निघाला.

या दरात तेच अपेक्षित धरायला हवं होतं. कापड परत केलं नाही, पण कपड्याच्या चिठ्ठीवर ‘रेयॉन ताणा, सुती बाणा’ असंच छापायचं ठरलं. ‘हातमाग’ हा शब्दही छापायचा नाही, कारण हाताशी पुरावा नाही. बाजारात पॉलिएस्टरवर खणाची नक्षी डिजिटल छापून ‘खण’ म्हणून विकतात. त्या गर्दीत खरा विणलेला खण विकायचा तर चिठ्ठीवर खोटा शब्द चालणार नाही.

रेयॉनचं आणखी एक: ओलं झालं की कमजोर होतं. धुताना पिळायचं नाही, अशी सूचना त्याच चिठ्ठीवर जाईल.

६ नोव्हेंबर

पाण्याची परीक्षा. प्रत्येक रंगाचा ५० सेंटीमीटरचा चौकोन, कडेला दोऱ्याने खुणा. रात्रभर साध्या पाण्यात, सावलीत वाळवून इस्त्री. उभ्यात ४८.५ राहिला, आडव्यात ४७.५. म्हणजे लांबीत ३ टक्के आणि पन्ह्यात ५ टक्के आटतं. ३१ इंचाचा पन्हा साडेएकोणतीसवर आला. हा दीड इंच पुढे कटिंगच्या टेबलावर फार महाग ठरणार होता.

रंगासाठी पांढऱ्या सुती कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये खण टाचून कोमट पाण्यात साबणासह अर्धा तास ठेवला. शिवाय ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून पाहिलं. हिरवा जवळजवळ स्वच्छ. लाल पहिल्या पाण्याला सुटला, तिसऱ्याला थांबला. काळ्याने पहिली दोन पाणी राखाडी केली, चौथं स्वच्छ निघालं. जांभळ्याच्या बादलीचा तळ चौथ्या पाण्यालाही दिसत नव्हता आणि मधला पांढरा तुकडा जांभळाच बाहेर आला.

७ ते १० नोव्हेंबर

जांभळ्यासाठी मीठ, मग तुरटी. काही फरक नाही. रंग पक्का करणारं रसायन लावून पाहिलं तर सुटणं कमी झालं, पण मूळ छटा मळकट तपकिरीकडे गेली. चार दिवस गेले. १८ मीटर जांभळा मालिकेतून काढला. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. नुकसान ७,५६० रुपये.

‘फक्त ड्रायक्लीन’ असं लिहून विकता आला असता. पण मुंबई-पुण्याच्या दमटपणात बगलेचा घाम हेच पाणी असतं. आतली पांढरी कुर्ती रंगली की ग्राहक परत येत नाही.

त्याच दिवशी काळा १५ मीटर पुन्हा मागवला, कारण हिशेबाने कापड कमी पडणार होतं. मागावर तोच ताणा नाही, म्हणून चार आठवडे लागतील असं कळलं.

१३ ते १५ नोव्हेंबर

उरलेलं ७२ मीटर कापड भिजवलं. हिरव्याला एक पाणी, लालला तीन, काळ्याला चार.

वाळवताना चूक झाली. लालचा अख्खा २२ मीटरचा तागा दोरीवर दुमडून टाकला. पाण्याच्या वजनाने मधे झोळ पडला आणि आडवा धागा तिरपा झाला. पन्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दीड इंचाचा फरक. अशा कापडाचा पुढा कापला असता तर डावी-उजवी नक्षी कधीच जुळली नसती. पुन्हा ओलं करून दोघांनी समोरासमोर उभं राहून उरेबात (तिरकं) ओढलं आणि दमट असतानाच इस्त्री केली. दीड दिवस त्यातच गेला.

नंतरचे रंग तीन-तीन मीटरचे तुकडे करून, काठ दोरीला समांतर ठेवून वाळवले. तिरपेपणा आला नाही. मात्र तुकडे करण्याआधी मार्कर (कापडावर भाग मांडायचा आराखडा) ठरलेला हवा, नाहीतर तुकड्याची लांबी चुकते. आमच्या नशिबाने २ मीटरचे नग आणि ३ मीटरचे तुकडे यांत दोन तुकड्यांतून तीन नग बसवता आले, पण तिसऱ्या नगाचा पुढा एका तुकड्यातून आणि पाठ-बाही दुसऱ्यातून. दोन्ही एकाच ताग्याचे असल्यामुळेच ते चाललं.

१८ ते २१ नोव्हेंबर

पॅटर्न. मोठ्या ब्रँडच्या जाकिटांचे पॅटर्न गिरणीच्या ५८ इंची कापडावर बसतात. तेच साडेएकोणतीसवर बसवायला गेलं की कापड वाया जातं. एम मापाचा (छाती ३६, तयार घेर ४२) हिशेब असा:

पुढचे दोन भाग, प्रत्येकी साडेअकरा इंच रुंद. दोन्ही काठांना चिकटवून ठेवले की काठ आपोआप समोरच्या उघड्या कडेवर येतो. दोन्हींच्या मधे साडेसहा इंचाची पट्टी उरते. पाठ सव्वाबावीस इंच, बाजूला सव्वासात उरतात. त्यातून गळ्याची पट्टी आणि दोन खिसे निघतात. लांबी दोन्हींची २६ इंच, हेम (खालची दुमड) धरून.

अडलं ते बाहीवर. सतरा इंच रुंदीची बाही, दोन शेजारी ठेवायच्या तर चौतीस इंच हवेत. एकाखाली एक ठेवली तर २० इंच लांबी जादा लागते. पुढा २६, पाठ २६, बाह्या ४०, नक्षी जुळवायला ३. बेरीज ९५ इंच, आटणं धरून अडीच मीटर.

उपाय कटिंग मास्टरांनी काढला. जुन्या अंगरख्याला बगलेत कळी (जोडलेला वेगळा तुकडा) असते, तशीच इथे घालायची. मुख्य बाही साडेचौदा इंच, म्हणजे दोन शेजारी २९, पन्ह्यात बसल्या. उरलेली रुंदी कळीतून. आणि कळ्या कुठून? पुढच्या दोन भागांच्या मधल्या साडेसहा इंची पट्टीतून, सव्वातीन इंचाच्या दोन. शिवून झाल्यावर बाहीचा घेर पावणेसोळा. लांबीची बेरीज ७५ इंच, आटणं धरून २ मीटर.

एका नगामागे अर्धा मीटर वाचला. ३४ नगांना १७ मीटर, म्हणजे ७,१४० रुपये. वर हात उचलायला बगल मोकळी झाली ती वेगळीच.

एल मापात पुढच्या मधली पट्टी साडेचारच उरते. तिथे एक कळी त्या पट्टीतून आणि दुसरी पाठीच्या बाजूच्या सव्वापाच इंचातून काढली, दोन्ही सव्वाचारच्या. त्यामुळे एलचे खिसे पाठीच्या पट्टीत बसत नाहीत, ते अस्तराच्या कापडाचे आतल्या बाजूला केले. एक्सएलला कळ्या कुठेच बसत नाहीत, अडीच मीटर लागतातच. किंमत तरीही तीच ठेवली. माप मोठं म्हणून जादा पैसे घेणं आम्हाला पटत नाही. तो खर्च सगळ्या नगांच्या वाया जाण्यात धरला.

हेमला काठ आडवा लावायचा मोह आवरा. काठ उभ्या धाग्याबरोबर चालतो. हेमला आणायचा तर कापड आडवं कापावं लागतं आणि नक्षी कडेवर आडवी पडते. नाहीतर काठ कापून जोडावा लागतो, तो धुतल्यावर वेगळा आटतो आणि चुण्या पडतात.

२५ नोव्हेंबर

मांजरपाटावर फिटिंग तपासून झालं होतं. आज खणाचा पहिला नमुना तयार झाला. चार गोष्टी फसल्या.

काज. मशीनने काज पाडलं की आतले सुटे धागे कापले जातात आणि दोनदा बटण लावल्यावर काजाची कड उसवते. काज रद्द. अस्तराच्या कापडाची उरेब पट्टी उलटवून लूप केले, नारळाच्या करवंटीची तीन बटणं.

फ्यूजिंग. समोरच्या कडेला ताठपणासाठी इस्त्रीने चिकटवलेल्या फ्यूजिंगच्या उष्णतेने रेयॉनवर चकाकी आली आणि धुतल्यावर बुडबुडे उठले. फ्यूजिंग काढून मांजरपाटाची दीड इंची पट्टी, आधी धुतलेली, कच्च्या टाक्याने टाचली. कड ताठ राहते आणि पडही छान पडते.

शिलाई सरकणं. हे सगळ्यात गंभीर. मागच्या मुंढ्याची (बाही जोडते तिथली) शिवण दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरली तर टिपेच्या दोन्ही बाजूंना धागे सरकून चार मिलिमीटरची फट दिसली. टीप तुटलेली नव्हती, कापडच उघडलं होतं. रेयॉन गुळगुळीत आहे आणि वीण सैल. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) वाढवणं हा सरळ उपाय, पण पन्हा परवानगी देत नाही, माया अर्धा इंचच राहणार. म्हणून मुंढा, खांदा आणि बगलेच्या कळीत मलमलची एक सेंटीमीटरची पट्टी शिवणीत धरली. टाके इंचाला १२. सोळापर्यंत वाढवून पाहिले तर सुईच्या छिद्रांनीच कापड तुटायला लागलं. ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालायची शिवण) टिपेच्या आधी, नंतर नाही.

अस्तर. कॅम्ब्रिक हे सुती कापड न धुता वापरलं होतं. पहिल्या धुण्यात ते आटलं आणि हेम आत ओढला गेला. पुढे अस्तर धुऊनच कापलं आणि पाठीला मधोमध अर्ध्या इंचाची सैल चुणी दिली. क्रीम अस्तराऐवजी खणाच्याच रंगाचं घेतलं.

दुसरा नमुना २९ तारखेला झाला. तीनदा धुतला, ठीक राहिला. पॅटर्न आणि नमुने मिळून खर्च ९,६००.

३ डिसेंबर

कटिंग. वेळ वाचवायला लालचे १० थर एकावर एक टाकून मशीनने कापले. वरचे चार बरोबर. खालचे थर सरकले, शेवटच्या दोनमध्ये काठ चार सूत (अर्धा इंच) आत गेला. पुढच्या कडेवर एका बाजूचा काठ सव्वा इंच आणि दुसऱ्या बाजूचा पाऊण, हे दहा फुटांवरूनही दिसतं. तीन भाग पुन्हा कापावे लागले.

त्यानंतर चारच थर. प्रत्येक थराचा काठ खालच्या काठावर बरोबर बसवून दर सहा इंचांवर टाचणी, मग कापणं. काठाला टाचणी लावताना बाहेरच्या कडेवर नको, काठ आणि अंग यांच्या सांध्यावर हवी. कारण काठाची रुंदीही जागोजागी कमी-जास्त असते आणि डोळा तो सांधाच पाहतो. वेळ दुप्पट लागला, नंतर एकही भाग फुकट गेला नाही.

८ डिसेंबर

नवा काळा १५ मीटर आला. रंग किंचित निळसर. जुन्या काळ्याशेजारी ठेवला तर कळतो, एकटा कळत नाही. चिंध्यांसकट दोन्ही लॉट वेगळ्या पिशव्यांत ठेवले. खिसासुद्धा दुसऱ्या लॉटचा लागला तर उन्हात दिसतो.

११ ते २४ डिसेंबर

शिलाई जॉबवर्कवर, दोन कारागीर. दर नगामागे ३२० ठरला होता. कळी, मलमलची पट्टी आणि लूप पाहून ३८० केला. काम वाढवून दर तोच ठेवला असता तर पट्टी गाळली गेली असती, आणि ती वरून दिसत नाही.

पहिले चार दिवस रोज दोन नग, नंतर रोज चार. पहिल्या दिवशी मशीनला १४ नंबरची सुई होती, टिपेशेजारी धागे ओढले गेले. ११ नंबरची सुई आणि १२० नंबरचा दोरा केल्यावर थांबलं. सुई दर सहा नगांनी बदलली. बोथट सुईचा खट्-खट् आवाज येतो, तो ऐकू आला की नग थांबवायचा.

इस्त्री उलट्या बाजूने, मधे सुती फडकं. एका काळ्या नगावर थेट इस्त्री ठेवली गेली. शिवणीच्या मायेचा ठसा उजव्या बाजूला उमटला, वाफेनेही गेला नाही.

३० डिसेंबर

शूट. अर्धा दिवस, छायाचित्रकार, मॉडेल आणि जागा मिळून १४,००० रुपये. खणाची बारीक नक्षी ठरावीक अंतरावरून कॅमेऱ्यात लाटांसारखी थरथरते. मागे-पुढे दोन पावलं सरकलं किंवा कापडाला थोडं तिरकं धरलं की जाते. पण हे मोबाइलच्या पडद्यावर लहान फोटोतच दिसतं, म्हणून जागेवरच लहान करून तपासा. आम्ही घरी येऊन पाहिलं आणि हिरव्याचे निम्मे फोटो बाद झाले. राखाडी कार्ड ठेवून रंग जुळवला नव्हता, म्हणून काळा निळा दिसत होता. त्याचा फटका पुढे बसला.

२ जानेवारी २०२६

किंमत. एका एम नगाचा हिशेब, रुपयांत, जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न धरता: खण २ मीटर ८४०, अस्तर १.६ मीटर १५२, भिजवणं-वाळवणं ४०, कटिंग ४५, शिलाई ३८०, बटणं-लूप ३०, हातशिलाई आणि धागे कापणं ६०, चिठ्ठी-पिशवी ३८, इस्त्री-तपासणी २५. बेरीज १,६१०. वाया जाणं ८०. पॅटर्न-नमुने प्रतिनग २४०, शूट ३५०. एकूण २,२८०. कुरिअर ९० धरलं की २,३७०.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. ही रेघ करपूर्व किमतीवर आहे. म्हणजे छापील किंमत २,६२५ असली तर कर १२५. करपूर्व किंमत २,५०१ केली की ग्राहकाला २,९५१ पडतात. मधल्या पट्ट्यात किंमत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. आम्ही २,६२५ ठरवली, कुरिअर त्यातच. नगामागे १३० उरतात.

एका बुटिकने ३५ टक्के कमिशनवर, न विकलेला माल परत या अटीवर नग मागितले. करपूर्व २,५०० मधून आपल्या हाती १,६२५, म्हणजे नगामागे ६५५ चा तोटा. बुटिकमधून नुसता खर्च भरून काढायचा तर छापील किंमत ४,१४० च्या आसपास लागते. बुटिकमधल्या छोट्या लेबलांचं जाकीट चार हजारांच्या वर का असतं, ते हा हिशेब मांडल्यावर कळतं. नम्रपणे नाही म्हटलं, थेटच विकायचं.

५ ते १२ जानेवारी

२२ नग संक्रांतीआधी गेले. जुन्या लॉटचे काळे सगळे पोचले. नव्या काळ्याचे चार नग चार पाण्यांनंतरही फडक्यावर किंचित डाग देत होते, म्हणून रोखले. ते पुन्हा धुऊन १९ तारखेला निघाले, सण हुकला. त्या चारही ग्राहकांना आधीच कारण कळवलं. एकीने रद्द केलं, तिघी थांबल्या.

४ फेब्रुवारी

चाळीसही विकले गेले. तीन परत आले होते, तेही पुन्हा विकले. एक रंगासाठी: फोटोत निळसर, हातात काळा. दोन मापासाठी: तक्त्यात आम्ही अंगाची छाती दिली होती, ग्राहकांनी ती कपड्याची समजली. आता कपडा सपाट ठेवून मोजलेली छाती, मुंढा आणि बाहीचा घेर, तिन्ही सेंटीमीटरमध्ये देतो. बाहीचा घेर जवळपास कोणीच देत नाही आणि खणासारख्या न ताणणाऱ्या कापडात नेमका तोच अडतो.

वाया जाण्यासाठी धरलेले ३,२०० पुरले: एक्सएलचं जादा कापड १,२६०, नमुना आणि पुन्हा कापलेले भाग ४ मीटर, १,६८०.

शिल्लक: ४० गुणिले १३०, म्हणजे ५,२००. जांभळ्याचे ७,५६० वजा. हाती उणे २,३६०. परतीचं कुरिअर वेगळं. चार रंगांचा एकेक मीटर आधी मागवला असता तर १,६८० लागले असते.

जांभळ्यातले १२ मीटर वह्यांच्या बांधणीसाठी गेले, तिथे पाणी लागत नाही. पैसे अजून आलेले नाहीत, म्हणून हिशेबात नाहीत.

९ फेब्रुवारी

दुसऱ्या बॅचसाठी काळा, हिरवा, लाल आणि मोरपंखी, प्रत्येकी एक मीटर आला आहे. प्रत्येकातून ५० सेंटीमीटरचा चौकोन कापून खुणा घातल्या. सकाळपासून चार बादल्यांत भिजत आहेत. मोरपंखीचं पाणी आत्ताच बदललं. पहिलं निळं होतं, दुसऱ्यात तळ दिसतो आहे.